व्याह्यांच्या गाडीचे पाच फेरे

रविवारी सकाळी दहा वाजता, अमरोलीच्या पुलावर, सुकदेव पाटील यांच्या गाडीच्या क्लचची तार तुटली. पेडल खाली गेले ते वर आलेच नाही. मागच्या सीटवर होणारे व्याही हेमराजभाऊ आणि विहीण भागीरथीबाई बसले होते. दुपारी लिंबायतला सुकदेवच्या नूतनचा साखरपुडा होता, आणि व्याह्यांना कोसाडहून मुलीच्या बापाने स्वतः आणायचे, असा दोन्ही घरांचा रिवाज होता.

क्लचशिवाय चालती गाडी चालवता येते. थांबली की मात्र इंजिन बंद करून, गिअरमध्ये टाकूनच पुन्हा सुरू करावी लागते. आणि बॅटरी अशी की सकाळीच गल्लीतल्या चौघांनी ढकलली होती. आता थांबणे म्हणजे कडक इस्त्रीतल्या हेमराजभाऊंना धक्का मारायला उतरवणे. मागचे एक स्थळ त्यांनी गार चहावरून मोडले होते.

सुकदेवने वीस वर्षे लूमच्या कापडाचा टेम्पो हाकला होता. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलला, दांडा न्यूट्रलला आणला, इंजिनाचा आवाज उतरू दिला आणि दोन बोटांनी तिसरा गिअर बसवला. खट्ट नाही, झटका नाही. मान ताठ करून त्याने आरशात पाहिले. मागे कुणाला पत्ता नव्हता, याचा त्याला अभिमान वाटला आणि थोडे वाईटही.

लांबून लाल दिवा दिसला की तो वेग इतका कमी करी की पोचेपर्यंत हिरवा होई. झोप लागली की काय, म्हणून मागचे रिक्षावाले गुजरातीत ओरडत, "ओ काका, ऊंघी गया के?"

"भाऊ, त्या टपरीपाशी उभी करा," हेमराजभाऊ म्हणाले. "पान घेऊ."

"नाही भाऊ. आमच्यात व्याह्यांना घेतलं की दारापर्यंत चाक थांबू देत नाहीत."

हा रिवाज सुकदेवने त्याच क्षणी तयार केला होता.

"माय वं! हे तर कधी ऐकलं नाही," भागीरथीबाई म्हणाल्या.

"तू नसशील ऐकलं," हेमराजभाऊ म्हणाले. "जुनी चाल आहे ती."

कुठेच न थांबल्यामुळे गाडी अर्धा तास आधी लिंबायतला पोचली. दारात उषाबाई मोकळ्या केसांनी रांगोळी काढत होत्या. नवऱ्याची गाडी पाहताच त्यांनी रांगोळीच्या हातानेच पुढे जा, पुढे जा, अशी खूण केली. सुकदेव पुढे गेला.

"अहो, घर तं मांगे ऱ्हायनं!" हेमराजभाऊ दचकले.

"आमच्यात व्याह्यांची गाडी आधी घराला फेरे घालते."

"कितला?"

सुकदेवने बायकोच्या केसांचा अंदाज घेतला. "तीन."

हेमराजभाऊंनी कॉलर सरळ केली. मुलाकडची बाजू कमी पडून कशी चालेल? "आमच्यात पाच," ते म्हणाले.

तिसऱ्या फेरीला उषाबाई नऊवारीत, आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या. गाडी समोरून निघून गेली. "या माणसाला झालं काय?" त्या शेजारच्या शोभाला म्हणाल्या. चौथ्या फेरीला अख्खी गल्ली ओट्यांवर आली. पाचव्या फेरीला टाळ्या पडल्या, आणि सुकदेवने न्यूट्रल करून गाडी रांगोळीच्या काठाला अलगद उभी केली.

"असा मान आम्हाला कुणी दिला नाही," भागीरथीबाई पाय धुताना म्हणाल्या. साखरपुडा झाला.

दुसऱ्या दिवशी तार बदलताना मगन मेकॅनिकला सुकदेवने सगळे सांगितले. मगनला ती थाप वाटली. त्याने हात पुसले. "कोसाडथी अहीं, क्लच वगर? काका, रहेवा दो ने."

संध्याकाळी हेमराजभाऊंचा फोन आला. "लग्नाला वऱ्हाड बसने आणतो. कोसाड सोडलं की चाक थांबणार नाही. आणि तुमच्या घराला पाच फेरे. सगळ्या भाऊबंदांना सांगून टाकलंय."

बस पन्नास सीटची आहे. सुकदेवच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावे लागते. सुकदेव सध्या त्या बसच्या ड्रायव्हरला शोधायला गेला आहे. त्याला चाक न थांबवता गाडी हाकायची कला शिकवायची आहे, असे तो उषाबाईंना सांगून गेला. अजून परतलेला नाही.