अध्यक्षांचा अधिकृत हात

कोणत्याही शस्त्राचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे ते धरणारा माणूस. परंतु माणूस बदलणे गैरसोयीचे असल्यामुळे सुधारणेचा आरंभ नेहमी मुठीपासून होतो. हे वाक्य माझे आहे की कुठे वाचलेले, याची मला खात्री नाही. चूक असल्यास क्षमस्व.

बेंगळुरूतील आमच्या मंडळाचा मी एकवीस वर्षे चिटणीस आणि ग्रंथपाल आहे. (ग्रंथ तीनशे बारा. वाचक मी.) आमचे सभासद सतराव्या शतकात घोड्यांवरून इकडे आलेल्या घराण्यांतले असून सध्या विमा, टपाल आणि दूरध्वनी या खात्यांत आहेत. त्या घोड्यांची आठवण म्हणून खंडेनवमीला कोहळ्यावर पहिला वार करण्याचा मान अध्यक्षांना असतो. घटनेचे कलम नऊ स्पष्ट आहे: वार अध्यक्षांच्या हाताने व्हावा, न झाल्यास मान आणि पद दोन्ही उपाध्यक्षांकडे जावे. आमचे उपाध्यक्ष नागोजीराव गेली अकरा वर्षे अध्यक्ष अप्पासाहेबांच्या प्रकृतीची न चुकता चौकशी करीत आले आहेत.

मंडळाची तलवार एका निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केली होती. पावती वाळवीने खाल्ली. तेव्हापासून वार भाजीच्या सुरीने होत असे आणि त्याची फारशी प्रसिद्धी केली जात नसे. म्हणून १९९६ साली पद्मनाभ नावाच्या इंजिनिअरने आपली रायफल देऊ केली तेव्हा सभेत टाळ्या पडल्या. तो महादेवपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता. जपानला प्रशिक्षणासाठी गेला असताना त्याने हे खेळणे आणले होते. ते दिसायला लष्करी, चालते बॅटरीवर, मारते प्लास्टिकच्या गोळ्या आणि इजा कोणालाच करीत नाही. हे सर्व मंडळाच्या धोरणाशी सुसंगत होते. स्वतः पद्मनाभला मात्र मताधिकार नव्हता. तो पुण्याहून १९८९ साली आलेला. आमच्या दृष्टीने तो अजून सामान उतरवत होता.

ऑगस्टमध्ये अप्पासाहेबांच्या पत्नी अंबुबाई ग्रंथालयात आल्या. वीस वर्षांत त्या प्रथमच आल्या होत्या, त्यामुळे मी त्यांना सूचीपत्र दाखवू लागलो.

"ते राहू द्या अण्णा. कुणाला सांगू नका. मे महिन्यापासून यांची उजवी बोटं मिटत नाहीत. चमचा सुटतो हातातून. नवमीला सगळ्यांसमोर ती बंदूक पडली तर माणूस परत उभा राहायचा नाही. स्वल्प काहीतरी करा."

मी धाडसी माणूस नाही. पुढच्या सभेत मी कारण न देता 'रायफलची मूठ बदलावी' एवढाच ठराव मांडला. कारण दिलेले नसल्यामुळे वाद झाला नाही व तो एकमताने मंजूर झाला.

मूठ उपसमितीत अध्यक्ष सोडून सर्व सतरा सभासद घेण्यात आले, म्हणजे कोणी रुसणार नाही. पद्मनाभने माहिती दिली की या रायफलची मोटर मुठीच्याच पोटात असते. जपानात निराळ्या मुठी विकत मिळतात, लहान, मध्यम व मोठी. तळहाताचे माप कळवले तर मित्र टपालाने पाठवील. त्यावर उपसमितीने प्रथम स्वतःचे सतरा हात मोजून सरासरी काढली. सरासरी हात कोणाचाच नव्हता, त्यामुळे त्याबद्दल तक्रार आली नाही. प्रश्न उरला अध्यक्षांच्या हाताचा. पंचाहत्तर वर्षांच्या माणसासमोर टेप घेऊन जाणे उद्धटपणाचे दिसले असते. तेव्हा शिडी आणून सभागृहातील त्यांच्या तसबिरीचे माप घेण्यात आले. तसबिरीत त्यांचा उजवा हात तलवारीच्या मुठीवर आहे. ठराव क्रमांक चार: 'तसबिरीतील हात हाच सर्व कामांसाठी अध्यक्षांचा अधिकृत हात समजण्यात यावा.' अनुमोदक, नागोजीराव.

तो हात अप्पासाहेबांच्या हातापेक्षा मोठा होता. मी त्यांच्या हातात इतकी वर्षे सहीसाठी इतिवृत्त दिले आहे. मला ते दिसत होते. मी ठराव सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

मूठ आली, मोठी. ती बसवल्यावर मोटर पुन्हा जुळवावी लागते. मुठीच्या तळाशी एक स्क्रू असतो; तो आवळला की मोटर वर सरकते आणि तिचे दातेरी चाक आतल्या चाकाला भिडते. किती आवळावा यावर मतदान झाले. घट्ट आठ, सैल आठ, झोपलेले एक. अखेर दोन्ही बाजूंचा मान राखून स्क्रू मध्यावर ठेवण्यात आला. घोडा दाबल्यावर, दाताच्या डॉक्टरकडे बाहेर बसले असताना आतून येतो तसा आवाज आला.

"काका, हे व्होटिंगने सेट होत नाही हो," पद्मनाभ म्हणाला. "कान देऊन ऐकायचं, मग स्लोली लूज करायचं."

ऐकणे हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

खंडेनवमीला सभागृहात कोहळा मांडून त्यावर लिंबू ठेवले. (प्लास्टिकच्या गोळीने कोहळा फुटत नाही, असे चाचणीत आढळले होते.) अप्पासाहेबांनी रायफल उचलली. ती मूठ त्यांच्या तळव्यात, मोठ्या भावाचा बूट घालावा तशी बसली. बोटे मिटेनात. नळी खाली खाली जाऊ लागली. नागोजीरावांनी एक पाऊल पुढे टाकले आणि प्रकृतीची चौकशी केली.

अंबुबाई बायकांच्या रांगेतून उठल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातून रायफल काढून घेतली. मूठ त्यांच्या हातात मापून शिवल्यासारखी बसली. त्यांनी घोडा दाबला, आवाज ऐकला, पद्मनाभकडून चावी घेऊन स्क्रू पाव फेरा सैल केला, पुन्हा ऐकला, आणखी थोडा सैल केला.

"माझा मिक्सर असा ओरडला असता तर दुकानदाराच्या डोक्यात घातला असता. हां, आता सरी, बरोबर झालं."

लिंबू पडले.

"नेम छान आहे, वहिनी," नागोजीराव म्हणाले. "पण कलम नऊ?"

"मला कलमं कळत नाहीत. तो वरचा हात माझा आहे. यांना दोन दिवसच रजा होती. तोंड काढून झालं आणि हे ऑफिसला गेले. पुढचे चार दिवस त्या चित्रकारासमोर लाटणं धरून मी उभी होते."

सर्वांनी तसबिरीकडे पाहिले. मनगटावर बांगडीची पुसट रेघ होती. तिला आम्ही वीस वर्षे लढाईतली जखम समजत होतो.

मी उभा राहिलो. कसा, ते मला सांगता येणार नाही. मी ठराव क्रमांक चार मोठ्याने वाचला आणि घाबरून पुन्हा एकदा वाचला.

"नागोजी," अप्पासाहेब त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले, "अनुमोदक तूच ना रे?"

इतिवृत्तात नोंद आहे: पहिला वार अध्यक्षांच्या अधिकृत हाताने झाला, मान व पद कायम. अंबुबाईंचे नाव नाही. त्या सभासद नाहीत.

आकडेवारी देऊन थांबतो. या कामी तसबीर सोडून एकूण सतरा हात मोजले गेले. त्यांत बाईचा एकही नव्हता, हे उपसमितीत कोणाच्याच लक्षात आले नाही. वाचताना आपल्या लक्षात आले असेल, तर आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी. नसेल, तर उपसमितीत एक जागा रिकामी आहे. येताना माप देण्यासाठी उजवा हात सोबत आणावा.