भिकूतात्यांच्या जुव्याचा इतिहास

आमच्या भिकूतात्यांच्या जुव्याचा इतिहास समोरच्या माणसाच्या धंद्यावर ठरतो.

जुवं म्हणजे खाडीतलं लहानसं बेट. जयगडच्या खाडीत असलंच एक माडांनी भरलेलं जुवं हे तात्यांचं गाव. मी अलीकडच्या काठावरच्या शाळेत मास्तर. जुव्यावरची सगळी घरं एकेक करून मुंबईला गेली, तात्यांच्या घरच्या काकीही नातवंडं सांभाळायला तिकडे गेल्या. उरले तात्या. तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास, जुव्याला माणसाचे पाय लागले पाहिजेत. काठावर कोणी पाहुणा दिसला की होडी हजर. अर्ध्या खाडीत विचारणार, "धंदा काय तुमचा?" आणि होडी लागेपर्यंत इतिहास तयार!

डॉक्टर आला की जुव्यावर चाच्यांचं इस्पितळ होतं. पोस्टमास्तर आला की आरमाराची कबुतरं. पुरावा एकच, जांभ्या चिऱ्यांचा ढिगारा. तो तात्यांच्याच पडलेल्या गोठ्याचा, पण मी कशाला बोलू? एकदा इन्कमटॅक्सचे साहेब आले. तात्या म्हणाले, "हितं कदी कायच नव्हता, साहेब. निस्ता उजाड."

लोक मात्र खूश होऊन परतत. शहाळं प्यावं, माडाखाली पडावं. झावळी पडली तरी दचकायला होईल इतकं तिथं निवांत.

त्या देवदिवाळीला माझे साडू पुण्याहून आले होते. ते कॉलेजात इतिहास शिकवतात, आणि घरातही. तात्या सकाळीच दारात. "मास्तर, पावन्यांना आजच आना. उद्या नको."

जुव्यावर तात्यांनी बुरुज म्हणून दाखवलेला ढिगारा साडूंनी निरखला. "या बुरुजाला शेण कसं?"

"घोडदळ व्हता."

"बेटावर घोडदळ?"

"म्हनून तर हरलं!"

साडू घुश्शात होडीकडे वळले. तात्या आडवे आले. नेहमीचा रुबाब पार उतरला होता. "इतिहास ऱ्हाऊ द्या. देवाला वर्साचा गाऱ्हाना घालायचा हाय. तुमी निस्ता 'व्हय म्हाराजा' म्हना."

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाऱ्हाणं घालणारा एक असला तरी त्याला होकार द्यायला मंडळी लागतात. आपल्याच मागणीला आपणच 'व्हय' म्हणून कसं चालेल? मला फार वाईट वाटलं. एवढ्यासाठी बिचारा इस्पितळं बांधत होता!

जुव्यावरच्या लहानशा देवळापुढे नारळ ठेवून तात्यांनी सूर लावला. "बा देवा म्हाराजा, तुजी जी काय लेकरा मुंबयला गेली हायत, त्येंना खोली मिलू दे. नलाला पानी येऊ दे. हितली सय येऊन कुनाचा जीव कासावीस होऊ नको दे..."

"व्हय म्हाराजा!" माझ्यापेक्षा मोठा आवाज साडूंचा.

घराघराची नावं घेऊन झाली. तात्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. मला राहवेना. मी हात जोडून म्हणालो, "आणि आमच्या तात्यांच्या सोबतीला घरातलं कोणीतरी परत येऊ दे, महाराजा."

साडूंनी तोंड उघडायच्या आत तात्याच ओरडले, "व्हय म्हाराजा!"