केशरबाईंच्या कानातला पिवळा बिल्ला

बेलापूरच्या अलीकडे, कालव्याला लागून असलेल्या एका गावात सौ. केशरबाई यांच्या चेहऱ्यावर तपकिरी डाग होते, ही बाब बरीच वर्षं कोणत्याही यंत्रणेच्या निदर्शनास आलेली नव्हती. डाग गालांवर होते, कानशिलांवर होते आणि थोडे हातांवरही उतरले होते. वय झालं आणि उन्हात राबलं की येतात, तसले. केशरबाईंचं त्यांच्यामुळे काही अडत नव्हतं. घरात आरसा एकच, आणि तो नवऱ्याच्या, म्हणजे सूर्यभानरावांच्या, ताब्यात. सूर्यभानराव दूध संस्थेचे संचालक असल्यामुळे त्यांना केस वेळच्या वेळी काळे करावे लागत.

त्यांच्या धाकट्या मुलीला, सृष्टीला, बघायला सावेडीहून पाहुणे आले तेव्हा हा विषय ऐरणीवर आला. मुलाची आई गाडीतून उतरली, ओसरीवर आली, केशरबाईंच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि सूर्यभानरावांकडे वळून मोठ्या आदराने म्हणाली, "तुमच्या आई का?"

सूर्यभानरावांनी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. ते नुसते केसांवरून हात फिरवून हसले. ते हसू केशरबाईंच्या काळजात रुतून बसलं. मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली, साखरपुडा ठरला. गावाला वाटलं, पोरीचं सोनं झालं. केशरबाईंना मात्र एवढंच दिसत होतं, की भर मांडवात विहीणबाई पुन्हा वाकणार आणि या वेळी सगळा गाव बघणार.

शेजारच्या मोनिकाने नोकरी न मिळाल्यामुळे आरोग्य सल्लागार हे पद स्वीकारलेलं होतं. तिच्या मते डाग हा कातडीचा दोष नव्हता, तो खनिजांचा अनुशेष होता. तो भरून काढण्यासाठी तिच्याकडे एक नाजूक डबी होती. डबीत जस्त होतं, तांबं होतं, मँगनीज होतं, सेलेनियम होतं. मोनिकाने नावं वाचून दाखवली तशा केशरबाई विचारात पडल्या.

"ही नावं माज्या ओळखीची हायेत," त्या म्हणाल्या आणि उठून गोठ्यात गेल्या. तिथे दूध संस्थेने अनुदानावर दिलेलं, गायीच्या आंबोणात कालवायचं मिनरल मिक्श्चरचं पोतं होतं. त्यांनी ते ओढत ओसरीवर आणलं. मोनिकाने पोतं वाचलं. तीच नावं, वर कोबाल्ट जादा.

"काकू, ते गुरांचं हाय."

"मग तुजी डबी खाऊन कुनाची कातडी उजळली, दाखीव की."

मोनिकाने मोबाईलवर एका गोऱ्या बाईचा आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला. बाई परदेशातली होती.

"हिला मी बघायला जाऊ कुठं?" केशरबाई म्हणाल्या. "आमची चंद्री इथंच हाय. व्याली तवा काथ्यावानी केस झालते तिचे. आता पाठीवर कावळा बसला तर घसरतोय."

आरोग्य सल्लागारांनी डबी पिशवीत परत ठेवली. दुसऱ्या दिवसापासून केशरबाई ताकात एक चमचा मिक्श्चर घालून घेऊ लागल्या. चव ओल्या दगडी पाटीसारखी होती. पोटाने सुरुवातीला निषेध नोंदवला, परंतु त्याची दखल घेण्यात आली नाही.

दखल घेतली ती चंद्रीने. तिच्या वाट्याचं कमी झालं आणि तिच्या दुधाची फॅट उतरली. संस्थेत खुद्द संचालकांचंच दूध मापात बसेना, त्यांची कॅन सगळ्यांदेखत माघारी आली. गावात एवढी नामुष्की ग्रामपंचायत पडली तेव्हासुद्धा झाली नव्हती. चौकशीसाठी संस्थेचे पशुविकास पर्यवेक्षक गोरक्ष घरी आले. गोरक्ष नियमाने चालणारा माणूस होता, आणि नियम नसेल तिथे तो थांबून राही.

"मामी, मिक्श्चर जातंय कुठं?"

"माज्या पोटात."

सूर्यभानरावांनी डोक्याला हात लावला. गोरक्षच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"खाल्लं त्याला हरकत न्हाई," तो म्हणाला. "बिल्ल्याबिगर खाल्लं, ही हरकत हाय. अनुदानाचा माल कानात पिवळा बिल्ला आसंल त्यालाच. न्हाईतर तो अपहार. आन् अपहार संचालकाच्या घरात झाला, तर संचालकपद जातं."

"आता रं?" सूर्यभानरावांनी विचारलं.

"नियमित करून घेऊ." गोरक्षने मोबाईल काढला. "प्रकार कोनता लावू? गाय का म्हैस?"

"मानूस न्हाई का त्यात?"

"मानसाला अनुदान न्हाई, मामा."

"म्हैस लावू नगंस," केशरबाई एवढंच म्हणाल्या.

गाय लावण्यात आली. जात, संकरित. लेकरं तीन, म्हणून वेत तिसरं. मालकाच्या रकान्यात सूर्यभानरावांचं नाव पडलं. त्याला केशरबाईंची हरकत नव्हती. लग्नापासून त्या त्यांना तसंच म्हणत आल्या होत्या. मग ओळखीच्या खुणांचा रकाना आला. तिथे गोरक्षने मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. बहुतेक गायी एकरंगी निघतात, मग खुणा लिहिताना फार पंचाईत होते. त्याने एकेका डागाचा जवळून फोटो घेतला. केशरबाई स्तब्ध बसून होत्या. आपल्या तोंडाकडे इतकं मन लावून याआधी कोणी कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. बिल्ल्यासाठी कान टोचायचीही वेळ आली नाही. बुगडीचं भोक रिकामंच होतं.

त्यानंतर केशरबाईंच्या आयुष्याला शिस्त आली. जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर घरपोच येऊ लागले. आरोग्य उपकेंद्राच्या दाराला बाराही महिने कुलूप असलेल्या त्या गावात हे नवल होतं. लस वेळेवर, जंताचं औषध वेळेवर, उन्हाळ्यात गोठ्याला पंखा मंजूर. सूर्यभानरावांच्या मोबाईलवर मात्र 'आपल्या जनावराची गर्भतपासणी बाकी आहे' असे संदेश येऊ लागले, तेव्हा ते चारचौघांत मोबाईल काढेनासे झाले.

बातमी फुटली. साळूबाई दुखरा गुडघा घेऊन आल्या आणि आपल्याला म्हैसही चालेल म्हणाल्या. त्यांच्या मागे अर्धी आळी आली. पेन्शनसाठी तालुक्याला खेटे घालून दमलेले म्हातारे बिल्ला घालून कट्ट्यावर बसू लागले. दोन सरकारी सह्यांवाचून अडून राहिलेल्या माणसाला दावणीची लाज किती दिवस वाटणार?

पण वरती आकडे जुळेनात. गावात जनावरं वाढत होती, दूध वाढत नव्हतं. जिल्ह्याहून पडताळणी पथक येणार असं कळलं. ज्याच्या खुणा फोटोशी जुळणार नाहीत ते जनावर बोगस, आणि बोगस जनावराचा मालक घरी. पथकाने संचालकांचा गोठा पहिला धरला आणि दिवस निवडला तो नेमका साखरपुड्याचा.

हे कळल्या दिवसापासून घरात दोन तट पडले. केशरबाईंना डाग जायला हवे होते आणि सूर्यभानरावांना ते राहायला हवे होते. ज्या आरशाला त्यांनी कधी कोणाला हात लावू दिला नव्हता, तो आता ते स्वतः सकाळ-संध्याकाळ बायकोच्या तोंडापुढे धरत.

"फिक्के पडल्यावानी वाटत्यात गं. थोडे दिवस मिक्श्चर बंद ठिव."

"न्हाई ठेवायची."

"अगं, पद जाईल माजं."

"त्या दिशी 'ही माजी बायको हाय' येवढं तोंडातनं निघालं आसतं, तर म्या पोतं फोडलंच नसतं," केशरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. सूर्यभानरावांनी आरसा फक्त जरा उजेडाकडे वळवला.

पथक सकाळीच आलं. केशरबाई जरीच्या साडीत, हिरवा चुडा भरून, चंद्रीशेजारी उभ्या राहिल्या. साहेबांनी फोटो समोर धरून पडताळणी सुरू केली. गालावरचे डाग जुळले, कानशिलांवरचे जुळले, हातांवरचे जुळले. एकही तसूभर हलला नव्हता. उलट हनुवटीखाली एक जास्तीचा निघाला, तेव्हा साहेबांचं पेन थांबलं.

"हा नोंदीत नाही."

"नवा हाय, वासरू धरा, सायेब," गोरक्ष म्हणाला.

साहेबांनी शेरा मारला: 'जनावर निरोगी. मिश्रणाचा परिणाम समाधानकारक. पुरवठा पुढे चालू ठेवावा.' सूर्यभानरावांनी पथकाला पेढे वाटले. केशरबाई गोठ्याच्या मेढीला टेकून उभ्या राहिल्या. एवढं ओल्या पाटीचं ताक घशाखाली उतरवलं, ते सगळं वाया गेलं होतं. त्यांना हंबरून रडावंसं वाटलं, पण साहेब अजून अंगणातच होते.

दुपारी मांडवात पाहुणे आले. विहीणबाई पुढे झाल्या, वाकल्या, आणि केशरबाईंनी त्यांची मनगटं मधल्यामध्येच धरली.

"वाकू नगा. मी ह्यांची आई न्हाई. बायको हाय."

सूर्यभानराव पेढा तोंडात धरून उभे होते. विहीणबाई ओशाळल्या, आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी कानाकडे पाहिलं. "अय्या, हे कानातलं किती वेगळंय! नवीन आलंय का?"

केशरबाईंना आता कशाचंच भय उरलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. पोतं, ताक, चंद्री, बिल्ला, वासरू. मांडव हसून लोटपोट झाला. विहीणबाई तर एवढ्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं, गालावरची पावडर ओघळली आणि खालून त्यांचे स्वतःचे डाग वर आले.

"अहो, गुरांचं कसलं खाता!" त्यांनी पर्समधून एक नाजूक डबी काढली. मोनिकाकडे होती तशीच. "हे घ्यावं. शास्त्रीय आहे."

केशरबाईंनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग विहीणबाईंच्या गालाकडे पाहिलं.

"गेले का?"

"जातील ना. नियमित घ्यावं लागतं."

"आमचं आधी चंद्रीनं खाल्लं. तिची पाठ म्या माज्या डोळ्यानं बघितली, मंग खाल्लं," केशरबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या डबीतलं तुमच्या आधी कुनी खाल्लं?"

विहीणबाई डबी फिरवून फिरवून वाचू लागल्या. हसणं हळूहळू बंद झालं. मांडवात इथे तिथे हात आपसूक पर्सकडे आणि खिशाकडे गेले. मागच्या रांगेत गोरक्षने मोबाईल काढला.

हे वाचताना ज्यांना हसू आलं, त्यांनी उठून आपल्या कपाटातली डबी एकदा पाहून यायला हरकत नाही. गोरक्षकडे नोंदणी अजून सुरू आहे. गायीच्या जागा संपत आल्या आहेत. म्हशीच्या मात्र भरपूर शिल्लक आहेत.