बिनगुंत्याच्या पाट्या

धुडकूनाना पेंटर जोडाक्षर रंगवत नाहीत.

हे मी गमतीनं सांगत नाही. जळगावात ज्याला पाटी रंगवून घ्यायची असेल त्यानं हे आधीच लक्षात घ्यावं, पुढचा मनस्ताप टळतो. दाताच्या एका डॉक्टरांनी त्यांना 'दंतचिकित्सालय' लिहायला सांगितलं होतं. दोन दिवसांनी डॉक्टर बघायला आले, तर भिंतीवर हातभर उंचीचा एकच शब्द होता, 'दात', आणि शेजारी जिन्याकडे बाण. डॉक्टर भयंकर चिडले. पण बाण बघून लोक जिना चढायला लागले, त्यामुळे पुसायचं राहून गेलं. वाचनालयात 'संपूर्ण शांतता राखा' लिहायचं होतं, तिथे 'गप बसा' झालं. एका कापसाच्या गोदामावर 'धूम्रपान निषिद्ध' हवं होतं, तिथे 'बिडी ओढू नका' आलं. मालकानं विचारलं, "आणि कोणी सिगारेट ओढली तर?" नानांनी थोडा विचार केला आणि 'बिडी' पुसून 'काही' लिहिलं.

'जोडाक्षर' हा शब्दही ते बोलत नाहीत, कारण त्यात एक आहे. ते त्याला 'गुंता' म्हणतात.

नाना मूळचे पिंपळनेरचे. जळगावात येऊन चाळीस वर्षं झाली, पण अहिराणी सुटलेली नाही; 'आहे'ला ते अजून 'शे' म्हणतात. उंची बेताची, कानाच्या मागे ब्रश, आणि सदऱ्यावर गावातल्या प्रत्येक दुकानाचा थोडा थोडा रंग. गंमत म्हणजे एके काळी त्यांचा 'ज्ञ' बघायला दुसरे पेंटर येत असत. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी अचानक गुंता सोडला. हात थरथरत असेल, असं लोक म्हणाले. मी एकदा मुद्दाम बघितलं. त्यांचा 'ळ' अजून कंपासनं काढल्यासारखा येत होता.

माझा त्यांचा संबंध आला तो बसच्या मार्गिकेमुळे. मी रस्ते विभागात कारकून आहे आणि नामकरणाचं टेबल माझ्याकडे आहे. शहराबाहेर असोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी वेगळी मार्गिका झाली. दोन्ही बाजूंना कठडे, मधे उंच ओट्यांचे थांबे. बस यायला वेळ लागला, तोवर लोकांनी तीत मिरच्या वाळवल्या आणि एक वरातही काढली. सगळं तयार होतं, फक्त नावं नव्हती. रस्त्याला नाव नव्हतं आणि थांब्यांनाही नव्हतं.

रस्त्याच्या नावासाठी दोन गट होते. दोघांनी आपापल्या दिवंगत नेत्याचं नाव सुचवलं. तीन बैठकांनंतर तडजोड झाली आणि दोन्ही नावं, दोन्ही उपाध्यांसकट, घालायचं ठरलं. थांब्यांची नावंही त्याच तोडीची होती. छापील पाट्या आल्या त्या अक्षरं फुटून आल्या, 'क्रीडा' एकीकडे आणि तिचा 'र' दुसरीकडे. उद्घाटन तोंडावर आलेलं. आमचे साहेब म्हणाले, "हातानं रंगवणारा कोणी शिल्लक आहे का गावात?"

शिल्लक एकच होता.

नानांना नामकरण समितीपुढे बोलावलं. त्यांनी यादी हातात घेतली, चष्मा लावला आणि पेन्सिलीनं एकेका अक्षरावर टिंब देत गेले.

"साहेब," शेवटी ते म्हणाले, "हाई नाव वाचता वाचता बस निंघी जाई."

"तुम्ही फक्त रंगवा," सभापती म्हणाले.

"गुंता शे. एक नही, नऊ शेतस."

मी सभापतींना हळूच समजावलं की गुंता म्हणजे काय. ते म्हणाले, "अहो, पण 'मार्ग' तर लिहावंच लागेल ना?"

"'मार्ग' मा गुंता शे."

"मग 'रस्ता' लिहा."

"त्यामा बी शे."

"मग लिहिणार काय?"

"रोड," नाना म्हणाले.

एका सदस्यांनी टेबलावर हात आपटून हा मराठीचा अपमान असल्याचं नोंदवून घ्यायला सांगितलं. मी नोंदवलं. नाना शांतपणे म्हणाले, "मंग 'वाट' लिखा." त्यावर सभापती म्हणाले की रस्त्याला वाट म्हटलं की उद्याच्या पेपरात काय छापून येईल ते त्यांना आजच दिसतंय.

नाना उठून उभे राहिले. "जळगाव, धुळे, जामनेर, असोदा, पिंपळनेर," ते बोटं मोडत म्हणाले. "बठ्ठा नावं देखा. शे का कोठे गुंता? जुना लोकेस्नी कशा मोकळा नावं ठेवात!"

खोलीतल्या प्रत्येकानं मनातल्या मनात आपापल्या गावाचं नाव तपासलं, हे मला चेहऱ्यांवरून कळत होतं. निर्णय मात्र झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ऑफिसात आले आणि मला त्यांच्या मोपेडवर मागे बसवून रिकाम्या मार्गिकेवर घेऊन गेले. काही थांब्यांवर त्यांनी पुठ्ठ्यावर खडूनं आपली सोपी नावं लिहून टेकवली होती, आणि काहींवर साहेबांच्या यादीतली नावं एका शाळकरी पोराकडून लिहून घेतली होती. बसच्या वेगानं जाताना मी ती वाचायची, अशी परीक्षा होती. मी सगळी वाचली, साहेबांच्या यादीतली लांबलचक नावंसुद्धा. मला जरा अभिमानच वाटला. नाना गाडी थांबवून म्हणाले, "तुम्ही शिकेल शेतस, भाऊ. तुमना काय उपयोग?"

त्यानंतर चार दिवस ते फिरकलेच नाहीत. फोनही उचलेनात. साहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं, 'हो' किंवा 'नाही' लेखी आणायला.

दुपारची वेळ होती. नाना घरी नव्हते. ओट्यावर त्यांच्या पत्नी, कमलअक्का, मांडीवर पत्र्याचा तुकडा घेऊन बसल्या होत्या आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचत होत्या, "गि... र... णी. गिरणी!" मला बघून त्यांनी पत्रा पदराखाली घेतला. मग कोण आलंय ते कळल्यावर पुन्हा बाहेर काढला. आत भिंतीला असे वीस-पंचवीस पत्रे टेकवलेले होते. मीठ. दिवा. जावई. टपाल. एकातही गुंता नव्हता.

"बाया शिकतस ना गल्लीमा, तठे मी बी जास," अक्का म्हणाल्या. "गुंता बाकी शे. मास्तरीण म्हनस दिवाळीनंतर शिकाडसू."

मी म्हटलं, "अक्का, हे कधीपासून?"

त्यांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी असोद्याला दिलेली त्यांची लेक बाळंत झाली. अक्का डिंकाचे लाडू घेऊन एकट्याच बसनं निघाल्या. कंडक्टरला सांगून ठेवलं होतं, असोदा आलं की सांग दादा. तो विसरला. बस पुढे निघून गेली तेव्हा त्या घाबरून कुठल्याशा फाट्यावर उतरल्या. बोर्डाखाली उन्हात उभ्या राहिल्या. लोक जात-येत होते, पण "हाई कोनतं गाव शे" असं विचारायला जीभ उचलेना. पाटी डोक्यावर आणि विचारायचं काय, असं लोक म्हणतील, याची लाज. संध्याकाळी जावयानं शोधून काढलं.

"पाटी मोठी व्हती," अक्का म्हणाल्या. "ह्याच माणूसनी रंगाडेल. तेना हात माले वळखता उना. नाव वाचता उनं नही."



"घर उनू तं मी तेले म्हनं, गावभर लिखतस तुम्ही. माले एक बी पाटी वाचता येत नही. तो त्या रातले जेवना नही." त्यांनी पत्रा पुसला. "दुसरा दिवसपासून हाई येड."

मी लेखी उत्तर न घेताच परत आलो. साहेबांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, तयार आहेत, एका अटीवर. मग टेबलाशी बसून मी एक टिप्पणी लिहिली: रस्त्याचं आणि थांब्याचं अधिकृत नाव थांब्याच्या माथ्यावर लहान अक्षरांत पुन्हा नीट छापून लावावं, आणि खाली प्रवाशांच्या सोयीसाठी सोपं नाव मोठ्या अक्षरांत हातानं रंगवावं. खाली लिहिलं, 'माझ्या मते हे आवश्यक आहे.' एकोणीस वर्षांच्या नोकरीत फायलीवर 'माझ्या मते' मी पहिल्यांदाच लिहिलं होतं. साहेबांनी त्या दोन शब्दांखाली लाल रेघ मारली, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि सही केली.

नानांनी सगळे थांबे तीन दिवसांत रंगवले. दवाखाना. शाळा. गिरणी. पाणी टाकी. केळीबाग. दोन्ही गट आपापल्या नेत्याच्या नावाचे फोटो काढून गेले आणि खाली काय लिहिलंय याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

बस सुरू झाली त्या सकाळी मी कामावर म्हणून तिथेच होतो. अक्का पिशवी घेऊन एकट्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. नाना चढले नाहीत. बस सुटली तशी त्यांनी मोपेड काढली आणि कठड्याच्या पलीकडून, अक्कांच्या खिडकीच्या बरोबरीनं, निघाले. मागे बसायला त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मीच बसलो. अक्कांचे ओठ हलताना दिसत होते. प्रत्येक थांबा येण्याआधी त्या पुढे वाकत आणि नाव दिसलं की मागे टेकत. केळीबाग आली, असोद्यातला लेकीच्या घराजवळचा थांबा. बस थांबायच्या आतच त्या उठून दारात उभ्या होत्या. उतरल्या, रस्ता ओलांडला आणि लेकीच्या घराकडे चालायला लागल्या. एकदाही त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

नानांनी गाडी बंद केली. "बरोबर उतरनी," ते म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या रंग नसलेल्या कोपऱ्यानं पुसायला लागले. तो कोपरा सापडायला त्यांना वेळ लागला.

या गोष्टीला आता काही महिने झाले. अक्कांचं दिवाळीनंतरचं, म्हणजे गुंत्याचंही, शिकून झालं. परवा जेवणाच्या सुट्टीत नाना माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात डबा होता.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कोठेच नही. ती जामनेरले गई शे."

"कोणासोबत?"

"एकलीच. परवादिन धुळे गई व्हती. सोमवारले तिनी एक मैत्रीण शे, तिना गाव जाई." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही कितला वाजता जेवतस, भाऊ?"

"आत्ताच बसतोय."

"घर लई मोठं लागस दुपारना," नाना म्हणाले.

त्यांचं घर मी बघितलंय. दोन खोल्या आहेत. मी शेजारच्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या.