पेटीवरचे पाद्रीबाबा

"गल्लीतली टपालपेटी जागची हलली, तर मी विनिफ्रेड टकवेल नाव लावणार नाही!" विनिफ्रेडबाईंनी पेल्डरविकच्या भरबाजारात, चीजच्या दुकानापुढे उभं राहून जाहीर केलं, आणि शेजारच्या खुराड्यातल्या कोंबड्यासुद्धा क्षणभर गप्प झाल्या.

प्रसंगच तसा होता. गावच्या साप्ताहिकात, हरवलेलं मांजर आणि भोपळ्यांची स्पर्धा यांच्या मधोमध बातमी आली होती: चर्चच्या गल्लीतल्या टपालपेटीत पत्रंच पडत नाहीत, सबब ती काढण्यात येईल, हरकती असल्यास लेखी कळवाव्यात. गल्लीत राहतात सगळी म्हातारी माणसं, आणि दुसरी पेटी पार टेकडीवर! त्यात विनिफ्रेडबाईंची थोरली बहीण मेबल दूर समुद्राकाठी एकटी, कानांनी ठार बहिरी. तिला फोन काय कामाचा? आठवड्याचं पत्र हाच काय तो दोघींमधला धागा.

"पेटीला टोपडं विणते," बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"का? तिला थंडी वाजते?" कथबर्टरावांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"अहो, टोपडं बघायला माणसं थांबतील. थांबली की पेटी दिसेल. दिसली की पत्र टाकतील!"

आणि टोपड्यावर बसवायचं कोणाला? रेव्हरंड फिंच सोडून दुसरं कोण! आमचे पाद्रीबाबा म्हणजे देवाने गळ्यात मध ओतून पाठवलेला माणूस. प्रवचनाला उभे राहिले की तिसऱ्या वाक्याला सुरात शिरत, आणि मग घरी रविवारचं रोस्ट करपून कोळसा झालं तरी एक बाई जागची हलत नसे. असे गाणारे पाद्रीबाबा विणायचे, म्हणजे तोंड उघडं हवंच. बाईंनी ते चांगलं वीतभर उघडं ठेवलं. आत खुराड्याची जाळी वाकवून पोकळ सांगाडा केला, वरून काळा झगा, आणि खाली पेटीभोवती सुरेख लाल झालर.

टोपडं चढवलं, बाई स्टुलावरून उतरल्या आणि गुडघा मुरगळून बसल्या! डॉक्टरांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. त्या रात्री पाऊस असा कोसळला की लोकर भिजली, ताणली, आणि लाल झालर थेट पेटीच्या फटीवर उतरली. बाईंना घराच्या खिडकीतून दिसे ती फक्त लोकरीच्या पाद्रीबाबांची पाठ आणि पोटाची एक कड. त्यांना काय कल्पना!

रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनच पेटीवर केलं. "प्रेषितांनी पत्रं लिहिली, म्हणून तर त्यांचा शब्द आपल्यापर्यंत आला! तुम्हीही लिहा हो, लिहा!" शेवटचं 'लिहा' त्यांनी अशा पट्टीत नेलं की बेकरीवाल्या डगल्डचे डोळे भरून आले. सगळं गाव घरी गेलं आणि लिहायला बसलं. विनिफ्रेडबाईंनी दोन पाकिटं कथबर्टरावांच्या हाती दिली: एक हरकतीचं, एक मेबलचं.

आठवडा गेला. बदलीवर आलेला टपालवाला रोज झालर उचलून खालचं दार उघडी आणि रिकामी पेटी बघून पुढे जाई. साप्ताहिकाने छापलं: 'आवाहनाला एकाही पत्राचा प्रतिसाद नाही.'

"एकही नाही?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आपलं?"

"मी स्वतः टाकलं गं. मेबलचंसुद्धा."

तेवढ्यात पाद्रीबाबा समाचाराला आले. बाईंनी डोळे पुसून ताजा भाजलेला ॲपल-पाय पुढे केला.

"नको, विनिफ्रेडबाई. इशारा पोचला मला."

"कसला इशारा?"

"पेटीवरचा माझा झगा दिवसेंदिवस फुगतोय. गाव काही बोललं नाही, पण मला कळलं! आठ दिवस नुसत्या सॅलडवर आहे."

"अहो, लोकर आहे ती! भिजली म्हणून फुगली असेल!"

पण पाद्रीबाबांनी फक्त एक उसासा सोडला, आणि तोही बेसूर.

शनिवारी टपालखात्याचे पिल्ब्रोसाहेब दोन माणसं घेऊन हजर झाले. विनिफ्रेडबाई काठी टेकत बाहेर आल्या. साहेबांनी किल्ली फिरवली. आत एक मुंगीसुद्धा नव्हती!

"बघितलंत? गावालाच नको आहे पेटी. काढा ते टोपडं!"

"आधी मला काढा!" म्हणत कथबर्टरावांनी लोकरीच्या पाद्रीबाबांना घट्ट मिठी मारली. इकडून माणसांनी ओढलं, तिकडून कथबर्टरावांनी. शिवण उसवली, जाळी वाकली, आणि पाद्रीबाबांच्या पोटातून पत्रांचा जो लोंढा सुटला, तो पिल्ब्रोसाहेबांच्या घोट्यापर्यंत आला! त्यांनी एक पाकीट उचललं. त्यांच्याच नावाचं. दुसरं उचललं. तेही!

"यांच्या पोटात पत्रं कोणी घातली?" बाई किंचाळल्या.

"मी," डगल्ड म्हणाला. "फट कुठे दिसेना. हे आपले आ करून बसलेले."

"मीही!" "मीसुद्धा!" गल्लीभर हात वर झाले.

"अहो, तुम्ही?"

"मला वाटलं तुझीच युक्ती," कथबर्टराव म्हणाले. "मनात म्हटलं, काय हुशार बायको आहे!"

"म्हणजे ते पोट माझं नव्हतं!" खरे पाद्रीबाबा आनंदाने ओरडले. "विनिफ्रेडबाई, तो ॲपल-पाय शिल्लक आहे का हो?"

बाईंनी ढिगातून मेबलचं पाकीट शोधलं, झालर वर सारली आणि ते स्वतःच्या हाताने फटीत सोडलं. आतून हलकासा आवाज आला. पिल्ब्रोसाहेबांनी तो ऐकला, बाईंचा चेहरा पाहिला आणि घसा खाकरून म्हणाले, "पेटी राहील. मात्र त्या बाबांचं तोंड शिवून टाका!"

बाईंनी साहेबांचा शब्द मानला. झालर आखूड केली, पोट नव्याने विणलं आणि तोंड चांगल्या दुहेरी टाक्यांनी बंद करून टाकलं.

पुढच्या रविवारी रेव्हरंड फिंच चर्चला जाता जाता पेटीपाशी थबकले. त्यांनी हॅट काढली, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं आणि खिडकीतल्या बाईंना अगदी अदबीने विचारलं, "विनिफ्रेडबाई, हे तोंड मिटून बसलेले गृहस्थ कोण हो?"