पोच मिळालीच पाहिजे!

आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठली वायर कुठे जोडायची, हे कुणी शिकवायला जाऊ नये! हे मी शनिवारी बायकोला ठणकावून सांगितलं आणि तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. खरं तर तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. ती ऐकून घेते तेव्हा तिने दुसरा बंदोबस्त केलेला असतो.

प्रकरण असं की, तिच्या गायनवर्गाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. तीन वर्षं ती समूहगानात मागच्या रांगेत, एका उंच बाईच्या पाठीमागे उभी राहून गायली. पहिल्या वर्षी मी त्या उंच बाईकडे बघूनच टाळ्या वाजवल्या, हे मला अजून ऐकून घ्यावं लागतं. यंदा वर्गाच्या बाईंनी एकटीने गाण्याची एक जागा ठेवली होती. ज्यांना ती हवी त्यांनी रविवारी दुपारी बाराच्या आत गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं. बारा म्हणजे बारा!

"शेजारच्या काकांना साथीला बोलावते," बायको म्हणाली.

काका लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याकडे एक अ‍ॅकॉर्डियन आहे आणि वाजवताना दोघांपैकी धापा नक्की कोण टाकतंय, हे कळत नाही.

"घरात दोन-दोन सिंथेसायझर आणि कॉम्प्युटर असताना? लोक हसतील!"

"कोणते लोक? मोठ्यावर आपण इस्त्रीचे कपडे ठेवतो आणि छोटा अजून खोक्यात आहे."

"उद्या बघच. कॉम्प्युटर हुकूम सोडणार, दोन्ही वाद्यं वाजणार. तू फक्त गायचंस!"

कॉम्प्युटर आणि वाद्यं एकमेकांना जोडायच्या पद्धतीला मिडी म्हणतात, आता या मिडीची गंमत ऐका. मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही! जातो तो निरोप. 'अमुक पट्टी दाबली.' 'अमुक पट्टी सोडली.' वाद्याने निरोप वाचायचा आणि मुकाट वाजायचं. म्हणजे शुद्ध टपालाचं काम! वाद्याच्या पाठीला भोकं तीन. एक आवक, एक जावक. तिसऱ्यातून, आलेल्या निरोपाची जशीच्या तशी नक्कल बाहेर पडते. ती नक्कल पुढच्या वाद्याला द्यायची असते, असं माहितीपुस्तकात लिहिलंय म्हणे. मी कशाला वाचतोय? नक्कल म्हणजे पोच! आणि पोच पाठवणाऱ्याकडे परत गेलीच पाहिजे. पोच न घेता कागद सोडणारा कारकून आमच्या ऑफिसात अजून जन्माला यायचाय.

रविवारी सकाळी आठला कामाला लागलो. कॉम्प्युटरकडून दोन्ही वाद्यांना एकेक वायर गेली आणि दोन्ही वाद्यांच्या तिसऱ्या भोकातून एकेक वायर पोच घेऊन कॉम्प्युटरकडे परत आली. प्रत्येक वायरीला चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. कॉम्प्युटरलाही बजावून ठेवलं, की आलेला प्रत्येक निरोप सगळ्या वाद्यांना कळव. उगाच कुणाला डावलल्यासारखं नको!

एवढं होईतो सव्वाअकरा वाजले. बायको कधीची घसा मोकळा करून बसली होती.

"तुझी पट्टी कोणती?"

"काळी पाच. लग्न झाल्यापासून काळी पाचच आहे."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांतली काळी पाच मी माऊसने दाबली. एकदाच! देवाशपथ एकदाच!

टर्रर्रर्रर्र!

"अहो, हे गाणं आहे की भिंतीला भोक पाडताय?"

"थांब, बसेल जागेवर."

"बोट उचला ना मग!"

"उचललंय!" मी दोन्ही हात वर करून दाखवले.

झालं होतं असं, की माझा एक निरोप दोन वाद्यांना गेला. दोघांनीही इमानदारीत पोच दिली. कॉम्प्युटरने त्या दोन पोचा नवीन निरोप समजून पुन्हा दोघांना पाठवल्या, त्यांच्या चार पोचा आल्या, चाराच्या आठ झाल्या! बावीस वर्षांत मी जेवढं टपाल हाताळलं नसेल तेवढं दोन मिनिटांत त्या चार वायरींतून धावलं. पडदा गोठला. माऊस ढिम्म हलेना. साडेअकरा वाजले.

बायको घड्याळाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं तिने वाट पाहिली आणि मी तिला चिठ्ठ्या लावलेल्या वायरी दाखवत होतो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात काका, खांद्याला अ‍ॅकॉर्डियन!

"पोरीने साडेअकराला यायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "कालच."

मी सगळ्या वायरी मुठीत धरल्या आणि तण उपटावं तशा उपटल्या. टर्रर्र थांबलं. छोटा गप्प झाला. मोठा मात्र एकाच सुरात गात राहिला. ऊंऊंऊं! 'पट्टी दाबली' हा निरोप त्याला पोचला होता. 'पट्टी सोडली' हा निरोप घेऊन येणारी वायर माझ्या मुठीत होती.

"बटण बंद करा त्याचं!" बायको म्हणाली.

"हात लावू नका!" काका ओरडले. त्यांनी कान दिला. "काळी पाच. पोरी, हा तुझाच सूर ना? मग हाच धर. गा!"

ती गायली. काकांनी मधूनमधून हलकेच साथ केली आणि तो अडकलेला सूर मागे शांत वाहत राहिला. मी फोन धरून उभा होतो. इतकी वर्षं ही स्वयंपाकघरात गाते आणि मी पंखा वाढवून पेपर वाचतो, याचं मला फार वाईट वाटलं.

अकरा बावन्नला गाणं पाठवलं.

"पोच आली का?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी वायरी गुंडाळायला आत गेलो.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. निवड झाली होती! वर बाईंनी विचारलं, "मागे तो एकच सूर कुणी धरलाय? केवढा संयम!"

"आमच्या ह्यांनी," बायको हसू दाबत म्हणाली. मी ताठ बसलो. "कार्यक्रमाला त्यांना घेऊन येऊ का?"

बाईंचं उत्तर मला पलीकडून स्पष्ट ऐकू आलं. "वाद्य आणा. एकच पट्टी तर दाबायची, तिच्यावर काहीतरी जड ठेवलं तरी चालेल."

कार्यक्रमाच्या दिवशी रंगमंचावर मधोमध बायको, डावीकडे काका आणि उजवीकडे मोठा सिंथेसायझर. वायर फक्त विजेची! काळ्या पाचवर माझ्या टेबलावरचा पितळी पेपरवेट ठेवला होता आणि मी सातव्या रांगेत बसलो होतो. यंदा टाळ्या मात्र बायकोसाठीच वाजवल्या. नेमकी माझ्याच पुढे ती उंच बाई बसली होती, त्यामुळे मी टाळ्या वाजवल्याची पोच बायकोकडून अजून मिळालेली नाही!