उंच गाडीने जबल अख्दर सर केला त्याची हकीकत

हकीकत ऐसीजे. निझवा शहरी खल्फान बिन सैफ, नगरपालिकेत कारकून, घरात त्याहून कमी, यांच्या कुटुंबी सेडान ठेवावी की उंच एसयूव्ही घ्यावी याचा जो कज्जा माजला, तो जैसा घडला तैसा लिहिला असे. लिहिणार खासा खल्फानच. आपली फजिती गाळावी ऐसे फार मनात आले, परंतु पत्नी झुवैनासाहेब खांद्यावरून वाचीत उभ्या, तेव्हा इलाज नाही.

मातोश्री घनीयासाहेब गुडघ्यांनी जेर, आणि त्यांची धाकटी बहीण नसरा जबल अख्दर पहाडावर गुलाबपाणी काढून राहते. तीन हंगाम भेट नाही. पायथ्याच्या चौकीवर पोलीस चारी चाकांनी ओढणाऱ्या गाडीवाचून कोणास वर सोडीत नाहीत. मग खल्फान यांनी मसलत मांडली की मातोश्रींस्तव उंच गाडीच पाहिजे. मेहुणे मोहसिन आपल्या उंच गाडीतून वाळूत जाताना खल्फान यांस मागे खजुराच्या डब्यांशेजारी बसवितात, हे कारण मात्र उघड केले नाही.

झुवैनासाहेब म्हणाल्या, "सेडानमध्ये आई आपल्या आपण बसतात. त्या माडीवर कोण चढवणार? तू?" आणि खल्फान यांनी छाती काढून होय म्हटले.

मग शोरूमची गाडी पाहण्यास दारी आणविली. मातोश्रींनी एक पाय वर ठेविला, आणि दुसरा भुईवरच राहिला. मग खल्फान यांनी मागून रेटा दिला, आणि झुवैनासाहेबांनी आतून ओढिले, आणि मातोश्री मध्येच अडकल्या, आणि समोरचा हलवेवाला कढई ढवळायचा थांबला.

"अरे, आई चढवतोयस का पोतं?" मातोश्री कडाडल्या. मग शिकस्त कबूल करून त्यांस खाली घेतले.

मातोश्री दारच्या ओट्यावर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "जाऊ दे रे. फोनवर ऐकते की मी नसराला." तेव्हा खल्फान यांस फार लाज वाटली, आणि मोहसिन व वाळू दोन्ही डोक्यातून गेली. काही सुचेना, म्हणोन फीत आणून पायरीची उंची मोजू लागले.

तिसऱ्यांदा मोजताना मातोश्रींनी पुसले, "मोजून ती खाली येणारे का? आम्ही पहाडावर गाढवावर काय जमिनीवरून चढायचो? गाढव ओट्याला लावायचं."

मग गाडी ओट्यास चार बोटांवर लाविली, शोरूमचा मनुष्य डोळे मिटून उभा राहिला, आणि मातोश्री ओट्यावरून एक पाऊल टाकून आत दाखल जाहल्या.

गाडी घेतली, आणि पुढल्या पंधरवड्यात स्वारी निघाली. चौकीवर शिपायाने चाके पाहून वाट दिली. पहाड चढता चढता खल्फान यांस घाम फुटला, की चढण्याचा बंदोबस्त जाहला, उतरण्याचा केलाच नाही.

तो वळणावर नसराबाई आपल्या दगडी ओट्यावर बसलेल्या, मांडीवर गुलाबांची टोपली. त्यांनी गाडी पाहिली, आणि हातभर बाजूस सरकल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खल्फान यांनी गाडी पुढेमागे करीत ओट्यास लाविली, मातोश्री ओट्यावर उतरल्या, आणि दोघी बहिणी हात धरून रडल्या, आणि मग दोघी मिळून खल्फान यांच्या गाडी लावण्यास हसल्या. फत्ते मातोश्रींची. खल्फान यांस टोपली देऊन गुलाब खुडण्यास रवाना केले, ऐसे झुवैनासाहेबांनी तपासून कायम केले असे.